शंभर डोसांची बाटली, बारा पिल्लं

खुडूक कोंबडी ओळखायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. एरवी अंगणभर कटकट करत फिरणारी कोंबडी एकाएकी घशातल्या घशात, जाड आवाजात बोलू लागते. जवळ गेलं की पिसं फुलवते, हात पुढे केला की चोच मारते आणि अंडं घालून झालं तरी जागा सोडत नाही. भोर तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका वाडीत हा आवाज संक्रांतीच्या आगेमागे ऐकू आला, की सासू सुनेला सांगते, "टोपलं काढ गं माळ्यावरनं." सून सासूला आत्या म्हणते, त्यामुळे आता अख्खी आळीच तिला आत्या म्हणते. इथेही तेच चालवू.

संक्रांतच का, याचं उत्तर बाजारात आहे. गावठी कोंबड्याला सव्वा-दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. मागणी सगळ्यात जास्त असते ती आखाडात. श्रावण लागला की बाजार बसतो तो थेट गणपती-नवरात्र उलटेपर्यंत. तेव्हा आखाडात कोंबडा विकायचा असेल तर अंडी पौष-माघात कोंबडीखाली गेली पाहिजेत. दुसरं कारण पावसाचं. माघात फुटलेलं पिल्लू मृगाचा पाऊस येईस्तोवर अंगापिंडानं भरलेलं असतं, पिसं पुरी आलेली असतात. ज्येष्ठात फुटलेलं पिल्लू ओलीत गारठतं आणि एका रात्रीत जातं. भोरच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस असा पडतो की चार-चार दिवस अंगण दिसत नाही. त्या दिवसांत आत्या एकही कोंबडी बसवत नाही, मग ती कितीही खुडूक असो.

खुडूक झालेली प्रत्येक कोंबडी अंड्यांवर बसवायची नसते. आत्या अंगानं मोठी, पिसाऱ्यानं भरगच्च आणि स्वभावानं शांत अशी कोंबडी निवडते. हलकी, बुजरी कोंबडी माणसाची सावली पडली तरी उठते आणि अंडी गार पडतात. जी बसवायची नाही तिचं खुडूकपण मोडावं लागतं, कारण त्या काळात तिचं अंडं बंद असतं. मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की अंडाशय विसावा घेतं. काही घरांत तिच्या नाकपुड्यांतून पीस घालतात, काही ठिकाणी गार पाण्यात बुडवतात. आत्या तिला उघड्यावर, गवत-पाचोळा नसलेल्या जागी डालग्याखाली तीन-चार दिवस ठेवते. पोटाखाली ऊब धरायला जागाच मिळाली नाही की ती आपसूक भानावर येते.

हा खुडूकपणाच गावठी कोंबडीच्या कमी अंड्यांचं मोठं कारण. वर्षाकाठी ती साठ-सत्तर अंडी देते. मोठ्या पोल्ट्रीतली लेअर कोंबडी तीनशेच्या घरात जाते, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातून बसण्याची सवयच काढून टाकलेली आहे. परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या जातींचंही तसंच. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज काय किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराज काय, अंडी गावठीपेक्षा बरीच जास्त देतात, पण खुडूक बसायचं नाव सहसा काढत नाहीत. म्हणजे दुसरी पिढी हवी असेल तर एक तर यंत्र हवं, नाही तर गावठी कोंबडी. या वाडीत यंत्र नाही. त्यामुळे खुडूक कोंबडीला मागणी असते. शेजारीण सांगत येते, "तुमची बसलीया ना, माझी अंडी ठेवा तिच्याखाली, निम्मी पिल्लं तुमची." शेळ्यांसारखाच हा अर्धलीचा व्यवहार. त्याला कागद लागत नाही आणि भांडणंही फारशी होत नाहीत, कारण दोन्ही बाजूंनी पिल्लं फुटतानाच मोजली जातात.

अंडी निवडण्याचं काम मात्र आत्या कुणाला देत नाही. फार मोठं नको, त्यात कधी दोन बलक निघतात. फार लहान नको. लांबुळकं, गोल, खरबरीत, बारीक तडा गेलेलं नको. तडा डोळ्यांना दिसला नाही तरी कानाला कळतो: दोन अंडी हलकेच एकमेकांना लावली की चांगली टणक वाजतात, तडकलेलं बद्द वाजतं. आठवड्याच्या आतलीच अंडी घ्यायची. त्यापुढे दिवसागणिक ती फुटण्याची शक्यता घटत जाते. तोवर ती नाचणीच्या मडक्यात, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली असतात. रुंद टोकाकडे हवेचा कप्पा असतो, तो वर राहायला हवा. गारव्यात अंड्यातला जीव वाढायचा थांबतो, मरत नाही. कोंबडीखाली गेला की पुढे चालू लागतो. म्हणूनच वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकाच दिवशी फुटतात.

आणि अंडं धुवायचं नाही. शेण-माती लागली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसायचं, फारच बरबटलेलं असेल तर ते उबवायला घ्यायचंच नाही.

टोपल्यात तळाला राख, वर भाताचा पेंढा, त्यात हातानं केलेला खोलगट खळगा. अंडी विषम संख्येत ठेवायची. पेंढ्याच्या खाली एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा. वीज कडाडली की अंड्यातलं पिल्लू मरतं, लोखंड-कोळसा ते अरिष्ट घेतो, अशी समजूत. बारावी शिकलेल्या सुनेला हे पटत नाही, पण तिनं खिळा कधी काढलाही नाही. राखेचं तिला पटतं: उवा आणि पिसवा राखेत टिकत नाहीत. बसलेल्या कोंबडीला उवांनी छळलं तर ती अंडी सोडून पळते, हे तिनं स्वतः पाहिलं आहे.

सुनेनं या कामात आणलेली नवी गोष्ट म्हणजे मोबाइलची बॅटरी. सातव्या-आठव्या रात्री, कोंबडी झोपेत असताना, ती एकेक अंडं हळूच काढते, बॅटरीच्या काचेवर रुंद टोक टेकवते आणि दुसऱ्या हाताची मूठ भोवती धरते. जिवंत अंडं तांबूस उजळतं. आत एक काळा ठिपका, त्यातून चहूकडे गेलेल्या लाल शिरा आणि बारकाईनं पाहिलं तर ठिपक्याची हालचाल. फोल अंडं नुसतं पिवळसर पारदर्शक दिसतं. मध्येच जीव गेलेल्यात शिरा विरून एक लाल कडं उरलेलं असतं. फोल आणि मेलेली अंडी वेळेवर काढली तर उरलेल्यांना ऊब नीट मिळते, आणि टोपल्यात सडकं अंडं फुटून सगळी अंडी जाण्याची भीती राहत नाही. आधी आत्या हे काम दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेसमोर करायची. बॅटरी पाहून ती एवढंच म्हणाली, "बरं हाय की, ऊन निघायची वाट बघाया नको."

फोल अंडी जास्त निघाली की चर्चा कोंबड्याकडे वळते. या घरात कोंबडा नाही. पलीकडच्या घरचा आहे आणि तो चार घरांच्या कोंबड्यांत हिंडतो. एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो आणि एकदा मिलन झालं की कोंबडीच्या पोटात बीज टिकून दीड-दोन आठवडे फळती अंडी मिळत राहतात, तेव्हा घरटी कोंबडा पाळण्याची गरजच नसते. पण वर्षानुवर्षं तोच कोंबडा आणि त्याच्याच लेकी असं झालं की पिल्लं कमकुवत निघतात. मग कुणाच्या तरी माहेराहून, दुसऱ्या खोऱ्यातून कोंबडा येतो. आलेला कोंबडा कुणाच्या दारात बांधला आहे याला महत्त्व नसतं; तो आणण्यात सगळ्यांचाच स्वार्थ.

एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. त्याच्या आदल्या दिवशीच अंडं कानाला लावलं तर आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी वरून तिला उत्तर देत असते. चोचीच्या शेंड्यावरच्या टणक टोकानं पिल्लू पहिलं छिद्र पाडतं आणि मग थांबतं. हे थांबणं बारा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त चालतं. नवख्या माणसाची इथेच चूक होते. पिल्लू अडकलंय असं वाटून तो कवच सोलायला जातो, आणि आतल्या पापुद्र्यातल्या अजून रक्त वाहणाऱ्या शिरा तुटतात. त्या थांबण्याच्या काळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. याच शिदोरीवर ते पुढे दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तगतं. उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून शेकडो किलोमीटर पाठवता येतात ती याच जोरावर.

अशी खोकी या वाडीतही येतात. खडकीला, पुण्यात, पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. खात्याच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर एक तर १०० एकदिवसीय पिल्लांचा गट मिळतो किंवा २५ तलंगा आणि ३ नरांचा. तलंग म्हणजे आठ-दहा आठवड्यांची, अजून अंड्यावर न आलेली मादी. तलंगांचा गट सोपा, कारण अवघड दिवस दुसऱ्या कुणी तरी काढलेले असतात. सुनेनं घेतली ती पिल्लं, गिरिराजची.

भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत चार कप्पे, प्रत्येकात पंचवीस. ते उघडायच्या आदल्या दिवशीच जागा तयार असावी लागते. पडवीच्या एका अंगाला पत्र्याचं गोल कुंपण. गोल अशासाठी की कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि तळाची गुदमरतात. खाली भाताचं तूस, त्यावर पहिल्या दिवसापुरतं वर्तमानपत्र. गुळगुळीत कागद चालत नाही, त्यावरून पाय फाकले की पिल्लू कायमचं लंगडं होतं. मध्ये टांगलेला बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला साधारण ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हे पुस्तकातलं माप. सुनेकडे तापमापी होती, पण दोन दिवसांत ती पिल्लांकडेच पाहू लागली. सगळी बल्बखाली दाटीवाटीनं उभी राहून मोठ्यानं ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. कुंपणाला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उष्मा होतो आहे. सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतो आहे. तिकडे पोतं बांधायचं. आणि सगळीकडे पांगून, कुणी खातंय, कुणी पाय पसरून झोपलंय, असं दिसलं की दिवा बरोबर उंचीवर आहे.

खोक्यातून काढताना एकेका पिल्लाची चोच गुळाच्या कोमट पाण्यात बुडवायची. एक पाणी प्यायला शिकलं की बाकीची बघून शिकतात. पाण्याच्या ताटलीत धुतलेले खडे टाकायचे, नाही तर पिल्लू त्यातच भिजून बसतं. मग कागदावर मक्याचा भरडा. रात्री हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपायची: भरलेली आणि मऊ लागली तर पोटात गेलंय, रिकामी लागली तर त्याला वेगळं काढून भरवायचं. प्रवासानं शिणलेल्या काहींच्या बुडाला विष्ठा सुकून चिकटते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती सोडवावी लागते. ओढून काढली तर कातडी निघते. तळहातावर उताणं धरलेलं चाळीस ग्रॅमचं पिल्लू, त्याच्या पोटावरून वाहणारं पाणी, आणि मग ते पुन्हा कोरडं होईपर्यंत पदरात धरून बसणं: शंभरांतल्या सात-आठांना जरी हे करावं लागलं तरी दुपार जाते.

वीज गेली की खरी परीक्षा. डोंगराकडच्या वाडीला वीज जाणं नवं नाही. कोळशाची शेगडी ठेवता येते, पण बंद पडवीत धूर आणि वायू साठला तर थंडीपेक्षा तोच आधी मारतो. अशाच एका रात्री आत्यानं तोड काढली. घरात त्या वेळी दोन कोंबड्या खुडूक होत्या. तिनं कंदील मालवला, अंधारात प्रत्येकीच्या पोटाखाली खोक्यातली दहा-बारा पिल्लं एकेक करून सरकवली आणि अंडी काढून घेतली. कोंबडीनं घशातल्या घशात आवाज केला, पंख जरासे उचलले आणि पिल्लं आत घेतली. सकाळी तिनं ती आपलीच मानली होती. यासाठी पिल्लू दोन-तीन दिवसांच्या आतलं हवं आणि काम रात्रीच व्हायला हवं. दिवसाउजेडी परकं पिल्लू पुढे केलं तर तीच कोंबडी त्याला टोचून मारते. सरकारी केंद्राची पिल्लं गावठी आईच्या पंखाखाली, हा मेळ सुनेला इतका आवडला की आता खोकं यायच्या सुमारास वाडीत कुणाच्या कोंबड्या खुडूक आहेत, याची ती आधीच चौकशी करून ठेवते.

आईमागे हिंडणाऱ्या पिल्लाला जे शिकायला मिळतं ते बल्बखालच्या पिल्लाला मिळत नाही, हेही तिच्या ध्यानात आलं. घार दिसली की कोंबडी एक लांब, बारीक, चिरका आवाज काढते आणि पिल्लं जिथल्या तिथे झुडपाखाली दडतात. मांजर किंवा मुंगूस जमिनीवरून येत असेल तर आवाज वेगळा, तुटक, मोठमोठ्यानं केलेला कलकलाट. बल्बखाली वाढलेल्या गिरिराजांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अंगानं जड आणि चालीनं मंद. पहिल्याच महिन्यात मुंगसानं त्यांतल्या कितीकांचे गळे फोडले. मुंगूस एकच नेऊन थांबत नाही, सापडतील तितकी मारून ठेवतं. शिवाय कावळे आहेत, बोका आहे, रात्री घुशी खुराड्याखालून बीळ करतात, अंड्यांच्या वासानं धामण येते. खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, खाली दगड आणि फटी बारीक जाळीनं बुजवलेल्या, एवढं केलं की निम्मा त्रास संपतो. उरलेला निम्मा सोसावा लागतो.

तलंग अंड्यावर आली की तिचा तुरा लालभडक होतो, ती गाऊ लागते आणि कोपऱ्याकापऱ्यांत जागा शोधत फिरते. आत्या तिला धरते आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवून पाहते. दोन बोटं मावली की आठ-पंधरा दिवसांत अंडं. मग जागेवर एक अंडं कायम ठेवून द्यायचं, म्हणजे ती तिथेच येते. नाही तर तणसाच्या गंजीत, लाकडांच्या रचलेल्या ढिगामागे अंडी घालते आणि ती एकदम पिल्लांसह बाहेर येते किंवा मुंगसाच्या पोटात जाते. पहिली अंडी लहान असतात, एखाद्यावर रक्ताची रेघ असते. घाबरायचं कारण नाही.

एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यांतले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. म्हणून आज सकाळी आठला अंडं देणारी कोंबडी उद्या नऊ-साडेनऊला देते, परवा आणखी उशिरा, आणि असं सरकत दुपार टळली की एक दिवस खाडा करते. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. आत्या घरातल्या अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, बारीक कुटून दाण्यात मिसळते. भाजणं आणि कुटणं दोन्ही महत्त्वाचं. अख्खं टरफल टाकलं तर कोंबडीला त्याची ओळख पटते, मग ती स्वतःचंच अंडं फोडून खायला लागते, आणि ही खोड एकीला लागली की खुराडंभर पसरते.

आता अंडं घरात आलं. त्याच्या तीन वाटा: उबवायला, विकायला, खायला. खायला जातं ते बहुधा तडकलेलं किंवा मळकं. विकायचं अंडं पुण्याहून येणारे लोक रविवारी दारातून नेतात, दीड-दोनपट भावानं, आणि त्यांच्या अपेक्षा ठरलेल्या असतात. बलक केशरी हवा. तो केशरी होतो तो हिरव्या पाल्यातल्या आणि मक्यातल्या रंगद्रव्यानं. तेच पोल्ट्रीच्या खाद्यात मिसळलं तर तिथलाही होतो. कवच तपकिरी हवं. ते कोंबडीच्या जातीवर ठरतं, चवीशी किंवा पोषणाशी त्याचा संबंध नाही. गावठी कोंबडी फिकट बदामी अंडं देते, कधी जवळजवळ पांढरं. गिऱ्हाइकाला ते पटत नाही. शहरात पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून 'गावठी' म्हणून खपवली जातात, अशा बातम्या येतात. त्यामुळे खरं फिकट अंडं हातात घेऊन संशयानं पाहणारं गिऱ्हाईक आणि खोट्या तपकिरीवर खूश होणारं गिऱ्हाईक एकच असू शकतं, ही या धंद्यातली गंमत.

तिसरी अपेक्षा स्वच्छतेची, आणि इथे सून हटून बसते. एक बाई म्हणाल्या, "जरा धुऊन देत जा ना, चकचकीत." सुनेनं साफ नाही म्हटलं. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि अंडं घालताना त्यावर एक पातळ थर चढतो, वाळल्यावर तो ती छिद्रं बुजवतो. पाण्यानं तो निघून जातो. त्यातून पाणी अंड्यापेक्षा थंड असेल तर आतला भाग आक्रसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. अमेरिकेत अंडी धुतात, पण कोमट पाण्यानं, आणि नंतर ती अखेरपर्यंत फ्रीजमध्येच ठेवतात. युरोपात दुकानातली अंडी सहसा धुतलेली नसतात. वाडीतलं अंडं युरोपच्या रीतीनं चालतं, असं म्हणायला हरकत नाही. धुवायचंच तर कढईत फोडायच्या आधी, आणि ज्या हातानं कच्चं अंडं फोडलं तो हात साबणानं. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला येऊ शकतो. गावठी कोंबडी त्याला अपवाद नाही.

ताजेपणाची शंका आली तर पाण्याचं पातेलं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. जुनं होत जातं तसतसं आतलं पाणी छिद्रांतून उडतं, हवेचा कप्पा वाढतो आणि अंडं उभं राहू लागतं. तरंगलं की बाजूला. ही परीक्षा झालेलं अंडं परत मडक्यात ठेवायचं नाही, कारण ते आता ओलं झालेलं असतं. पुण्याला एसटीनं पाठवायची अंडी डब्यात तुसाचा थर, अंडी, पुन्हा तूस अशी रचतात. वरंधा घाटातूनही एक फुटणार नाही, असा आत्याचा दावा आहे.

अंड्यांचा पैसा आत्याकडे, कोंबड्यांचा सुनेकडे. घरातल्या पुरुषांनी यात हात घालायचा नाही असा अलिखित नियम. देशभर अशी घरं वाढत आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या पुढे गेली, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. हा आकडा वाचून ज्यांना हे बिनखर्चाचं उत्पन्न वाटतं त्यांनी मानमोडी आलेली वाडी पाहिलेली नसते.

मानमोडी म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधल्या ज्या गावात १९२० च्या दशकात भारतातली तिची नोंद झाली त्याचंच नाव तिला चिकटलं. हिरवट-पांढरी हगवण, घरघर, मग मान वळते, पिळली जाते, कोंबडी गोल गोल फिरते आणि आडवी होते. आठवड्याभरात आळीच्या आळी रिकामी. दुखणं हवेतून, विष्ठेतून, पायाच्या चिखलातून जातं. माणसांचं वागणं त्याला मदत करतं: आजारी कोंबडी दिसली की बाकीच्या घाईनं बाजारात नेऊन विकायच्या आणि मेलेल्या ओढ्यात टाकायच्या. तिथून ते खालच्या वाडीला पोचतं. बर्ड फ्लूचं भय वेगळं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला उद्रेक झाला, जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला. तिथे आजारी-निरोगी न पाहता परिसरातले सगळे पक्षी मारावे लागले. या वाडीपर्यंत तो कधी आला नाही. भाव पाडणाऱ्या अफवा मात्र दर वेळी आल्या, २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर करोनाचं नाव घेऊन.

मानमोडीवर लस आहे, स्वस्त आहे, खात्रीची आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचायची आर-टू-बी. अडचण बाटलीची. सगळ्यात लहान बाटली शंभर-दोनशे डोसांची. आत सुकवलेली भुकटी असते. पाणी मिसळलं की दोनेक तासांत, बर्फावर ठेवून, संपवायची. ज्या घरात एका कोंबडीमागे बारा पिल्लं आहेत त्या घरानं बाटली फोडली तर अठ्ठ्याऐंशी डोस मातीत. आणि नाही फोडली तर बारा पिल्लं मातीत. मोठ्या पोल्ट्रीला हा प्रश्नच पडत नाही, कारण बाटलीचं माप तिच्यासाठीच ठरलेलं आहे.

सून आणि 'उमेद' या सरकारी ग्रामीण अभियानाची पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं शिक्षण घेतलेली गावातलीच बाई, यांनी यातून काढलेला मार्ग साधा होता: पिल्लं एका घराची मोजायचीच नाहीत, वाडीची मोजायची. त्यासाठी कोंबड्याही साधारण एकाच आठवड्यात बसवायच्या, म्हणजे पिल्लं एका वयाची होतील. खुडूक कोंबडीची देवघेव होतच होती, कोंबडा चार घरांत मिळून होताच, त्यामुळे हे बोलणं बायकांना परकं वाटलं नाही. लस पहाटेच द्यायची, खुराडी उघडायच्या आत. एकदा कोंबड्या रानात पांगल्या की संध्याकाळशिवाय हाती लागत नाहीत. पशुसखी थर्मासमध्ये बर्फ घेऊन पुढे, सून वही घेऊन मागे. एकीनं पिल्लू मुठीत धरायचं, दुसरीनं डोळ्यावर थेंब सोडायचा आणि ते डोळा मिटून उघडेपर्यंत खाली ठेवायचं नाही, नाही तर थेंब झटकला जातो.

दोन घरं अजूनही तयार नाहीत. एकाचं म्हणणं, सुई दिली की कोंबडी अंडं बंद करते. ते अगदीच खोटं नाही, टोचल्यावर दोन-चार दिवस अंडं कमी होतं. दुसऱ्याकडे आधीच आजारी असलेली कोंबडी लस दिल्यावर मेली आणि लसीलाच दोष गेला. त्या घरच्या कोंबड्याही याच उकिरड्यावर चरतात. आत्यानं त्यांच्याशी वाद घातला नाही. तिनं त्यांची अंडी उबवायला घेणं बंद केलं. पिल्लांची निम्मी वाटणी हवी असेल तर आधी लस, असा तिचा निरोप गेला आहे. बाजारातून नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळी बांधायची, हा नियमही तिनंच घातला आणि गेल्या दिवाळीत स्वतःच्या लेकीनं सासरहून आणलेली कोंबडी गोठ्यात वेगळी ठेवून तो पाळला.

यंदा थंडीतली पहिली बाटली माघ संपायच्या आत आणायची ठरली आहे. पक्ष्यामागे दोन रुपये वहीत आधीच जमा आहेत. बर्फ खालच्या गावातल्या दुकानदाराच्या फ्रीजमधून मिळतो. तो पैसे घेत नाही, आखाडात एक कोंबडा घेतो.